जॅकेट गळतंय की घामानं भिजतंय? वॉटरप्रूफ-ब्रीदेबल कापड निवडणं, धुणं आणि दुरुस्त करणं

पावसाळी ट्रेक संपवून परतीच्या गाडीत बसावं, जॅकेट काढावं आणि आतला टी-शर्ट पिळला तर पाणी निघावं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे नवं नाही. निकालही ठरलेला: ‘जॅकेट गळतं, पैसे वाया गेले.’ मग त्याहून महाग जॅकेट येतं आणि पुढच्या जुलैत तोच टी-शर्ट पुन्हा पिळला जातो. बऱ्याचदा त्या जॅकेटमधून पावसाचा एक थेंबही आत आलेला नसतो. पाणी अंगातूनच निघालेलं असतं आणि त्याला बाहेर जायला वाट मिळालेली नसते. वॉटरप्रूफ-ब्रीदेबल कापडानं दोन कामं करायची असतात: पाऊस अडवायचा आणि घामाची वाफ बाहेर सोडायची. म्हणून नवं जॅकेट घेण्याआधी, किंवा जुनं टाकण्याआधी, ओल कुठून आली ते शोधायचं. उपाय त्यावरच ठरतो.

आधी निदान

ट्रेकवरून आल्यावर आतला कपडा नीट पाहा. पाठ, काखा आणि छाती सारखीच ओली असेल तर तो घाम. खांद्याच्या शिवणीवर, चेनच्या रेषेत किंवा खिशाच्या कडेला पट्ट्यासारखी ओल असेल तर ती गळती. मनगटापासून कोपरापर्यंत ओलं असेल तर कातळ धरायला हात वर गेले तेव्हा पाणी बाहीत उतरलं. आणि फक्त टी-शर्टचा खालचा घेर ओला असेल तर ओल्या पँटमधलं पाणी कापडानं वर ओढून घेतलं. या शेवटच्या दोन गोष्टींत जॅकेटचा काही दोष नाही.

खात्री करायची असेल तर न्हाणीघरात करता येते. करड्या रंगाचा सुती टी-शर्ट घाला, कारण करड्या कापडावर ओलीचा डाग लगेच काळा दिसतो. वर जॅकेट घाला, चेन गळ्यापर्यंत लावा, हुड चढवा, बाह्यांची वेल्क्रो आवळा. गार पाण्याच्या शॉवरखाली दहा मिनिटं स्वस्थ उभं राहा. पाठीवर दोन मिनिटं, मग प्रत्येक खांद्यावर, मग छातीवरच्या चेनवर पाणी घ्या. हालचाल नाही, पाणी गार, त्यामुळे घाम येत नाही. बाहेर येऊन अंग पुसा आणि मगच जॅकेट उतरवा, नाहीतर काढतानाचं पाणी टी-शर्टवर सांडून सगळा घोळ होतो. टी-शर्टवर डाग दिसला तर ती गळती, आणि जागाही सापडली. डाग नसेल तर जॅकेट ठीक आहे, प्रश्न वाफेचा आहे.

शॉवरखाली आणखी एक गोष्ट बघून ठेवा. पाणी बाहीवरून मोत्यांसारखं घरंगळतं की कापडात पसरून गडद ठिगळं उमटतात? त्याचं कारण पुढे येईल.

कापडाच्या आत काय असतं

१८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं कापडाच्या दोन थरांमध्ये रबर घालण्याचं पेटंट घेतलं. पाऊस अडला, पण घामही अडला. आजचा पीव्हीसीचा रेनकोट त्याच वंशातला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांसाठी ‘व्हेंटाइल’ हे सुती कापड तयार झालं. त्याची वीण इतकी घट्ट होती की पाणी लागल्यावर सुताचे तंतू फुगून भोकं बुजत. तिसरी वाट १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांना सापडली. पीटीएफई म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक. ते तापवून झटक्यात ताणलं, तर तुटण्याऐवजी सूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार होतं. छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पट लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा शेकडो पट मोठी. गोर-टेक्सचा पाया हाच.

आज बाजारात असे पडदे, म्हणजे कापडामागे लावायचे पातळ पापुद्रे, मुख्यतः दोन जातींचे मिळतात. पहिला छिद्रांचा. दुसरा पॉलियुरेथेन म्हणजे पीयूचा किंवा पॉलिएस्टरचा, ज्यात भोकं नसतात. सिंपाटेक्स हा दुसऱ्या जातीतला. या पडद्याचा पदार्थच पाण्याचे रेणू एका बाजूनं शोषतो आणि दुसऱ्या बाजूनं सोडतो. कमी किमतीच्या बहुतेक जॅकेटांत वेगळा पडदाही नसतो, कापडाच्या आतल्या अंगाला पीयूचा लेप असतो. जुन्या गोर-टेक्समध्ये अंगाचं तेल छिद्रांत शिरून पडदा बिघडायचा, म्हणून नंतर त्यावरही पीयूचा पातळ थर आला. अलीकडे, २०२२ पासून, गोर कंपनीनंच पीटीएफईऐवजी पॉलिथिलीनचा पडदा असलेले कपडे आणले आहेत.

पडदा एकटा इतका नाजूक असतो की नखानं फाटेल. म्हणून तो बाहेरच्या नायलॉनला किंवा पॉलिएस्टरला चिकटवतात. आत सुटं जाळीचं अस्तर लटकत असेल तर ते ‘टू लेयर’. आतून नुसती नक्षी छापलेली आणि हाताला चिकट लागत असेल तर ‘टू अँड हाफ लेयर’: हलकं, पण उघड्या हातावर ओलसर चिकटतं. बाहेरचं कापड, पडदा आणि आतलं बारीक विणीचं अस्तर असे तिन्ही थर एकजीव असतील तर ‘थ्री लेयर’. जड पाठपिशवी घेऊन वर्षानुवर्षं वापरायचं असेल तर तेच.

सगळ्यात बाहेर, डोळ्यांना न दिसणारा चौथा थर असतो: पाणी झटकणारा रासायनिक लेप, ज्याला दुकानात ‘डीडब्ल्यूआर’ म्हणतात. हा झिजला की बाहेरचं कापड पाणी पितं. पाणी आत येत नाही, पडदा ते अडवतोच. पण बाहेर पाण्याची सलग चादर बसल्यामुळे वाफेची वाट बंद होते आणि कापड गार पडून आतल्या बाजूला दव धरतं. शॉवरखाली दिसणारी गडद ठिगळं ती हीच. ‘जॅकेट गळतं’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं आणि त्यावर उपाय घरी करता येतो.

लेबलवरचे आकडे

‘१०,०००/१०,०००’ किंवा ‘१०के/१०के’ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा पाण्याच्या दाबाचा, मिलिमीटरमध्ये. कापडावर पाण्याचा स्तंभ चढवत नेतात आणि तिसऱ्या जागी थेंब पाझरला की उंची नोंदवतात. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर उंचीचा स्तंभ, जवळपास दर चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब.

हा दाब कुठे लागतो, याचा हिशेब सोपा आहे. १२ किलोची सॅक खांद्याच्या पट्ट्यांवर साधारण ३५० चौरस सेंटीमीटरवर टेकते, म्हणजे सरासरी दाब सुमारे ३५० मिमी. पट्टा जिथे काचतो तिथे जास्त. ६५ किलोचा माणूस ओल्या कातळावर बसला तर सुमारे १,३०० मिमी. तोच माणूस अर्धं वजन एका गुडघ्यावर टाकून टेकला तर आठ हजारांच्या आसपास. म्हणून जॅकेटला ५,००० मिमी कागदावर भागतं, पण घासून आणि धुऊन हा आकडा उतरत जातो, तेव्हा नवीन घेताना १०,००० असावेत. पँटला १५,००० मिळाले तर घ्यावेत. २८,००० च्या जाहिरातीला भुलून मात्र दुप्पट पैसे मोजू नयेत. पाऊस त्या आकड्यापर्यंत पोचतच नाही.

दुसरा आकडा वाफेचा: एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ जाते. इथे फार सांभाळून वाचावं लागतं, कारण चाचण्या अनेक आहेत आणि प्रत्येकीचा निकाल वेगळा. जपानी ‘बी-१’ चाचणीत कापडाला एका बाजूनं पाणी लागलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूला पाणी ओढून घेणारं पोटॅशियम ॲसिटेटचं द्रावण. भोकं नसलेला पीयू अशा ओल्या स्थितीत जोमानं काम करतो, त्यामुळे आकडा फुगतो. तेच कापड ‘ए-१’ चाचणीत खूपच कमी दाखवतं. चाचणीचं नाव दिलेलं नसेल तर दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करू नका. त्यापेक्षा ‘आरईटी’ हा आकडा भरवशाचा. घामेजलेल्या त्वचेसारख्या तापवलेल्या ओल्या पट्टीवर कापड ठेवून ते वाफेला किती विरोध करतं ते मोजतात. इथे आकडा जितका लहान तितकं बरं: ६ च्या आत उत्तम, ६ ते १३ चांगलं, २० च्या वर म्हणजे चढावर घामेजणार.

आणि उत्तम कापडालाही मर्यादा आहेच. १०,००० ग्रॅम म्हणजे ताशी सुमारे ४०० ग्रॅम, तेही प्रयोगशाळेत. पाठीवर ओझं घेऊन खडा चढ चढणारा माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम गाळू शकतो, आणि त्याच्या पाठीला चिकटलेल्या सॅकखालचं कापड तर काहीच बाहेर सोडत नाही.

सह्याद्रीत वेगळा हिशेब, हिमालयात वेगळा

वाफ कापडातून आपणहून जात नाही. आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या दाबात फरक असावा लागतो. घामेजलेल्या त्वचेजवळ हा दाब साधारण ५ किलोपास्कल. जुलैत मुंबईत ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर बाहेर ३.८, म्हणजे ढकलणारा फरक उरला १.२. ढगात बुडालेल्या राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर २३ अंशांला बाहेर २.८, फरक २.२. हिमालयात ५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर बाहेर अर्ध्या किलोपास्कलहून कमी, फरक साडेचारच्या वर. तिथे थंड पडद्यावर आतून दवही धरतं, त्यामुळे सगळा फरक कामी येत नाही. तरीही एकच जॅकेट मनालीवर ‘भारी’ आणि ताम्हिणीत ‘बेकार’ का वाटतं, हे या आकड्यांतून कळतं.

यातून आमचं मत असं बनतं: फक्त पावसाळी सह्याद्रीसाठी महागडा पडदा घेऊ नये. तिथे कापडाच्या श्वासापेक्षा वारा खेळता राहणं मोलाचं. आपल्याकडच्या शेतकऱ्याचं इरलं बघा. बांबूच्या कामट्या, वर पानं, आणि अंगाला न चिकटता पाठीवर उभं राहणारं. लावणी करताना दिवसभर कमरेत वाकलेला माणूस त्याच्याखाली घामानं उकडत नाही, कारण तिन्ही बाजू मोकळ्या. पोंचोची युक्ती तीच: सॅकवरून घ्यायचा, खालून हवा येऊ द्यायची. कड्यावर किंवा भन्नाट वाऱ्यात मात्र पोंचो शिडासारखा फुगतो आणि पायाखालचं दिसत नाही, तिथे जॅकेटच हवं.

भर पावसात चढताना पातळ पॉलिएस्टरचा टी-शर्ट घालून भिजत जाणं आणि माथ्यावर थांबलं की कोरडं जॅकेट चढवणं, ही पद्धत गार नसलेल्या दिवसांत सगळ्यात सुखाची. हिमाचलातल्या हंप्ता पाससारख्या ४,२०० मीटरच्या वरच्या खिंडीत किंवा पावसाळ्यात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला हे चालणार नाही. तिथे भिजलेलं अंग आणि वारा म्हणजे हायपोथर्मिया, अंगाचं तापमान जिवावर बेतेल इतकं उतरणं. पैसे खर्च करायचे तर तिथल्यासाठी करा. लंडन-सिअॅटलकडे राहणाऱ्यांनाही गार, लांबणाऱ्या रिपरिपीत अशा कापडाचा पुरेपूर फायदा मिळतो.

कुठेही गेलात तरी आत सुती कपडा नको. सूत घाम धरून ठेवतं, त्वचेला गार चिकटतं, आणि मग वरचं जॅकेट कितीही चांगलं असलं तरी काय करणार?

दुकानात काय तपासायचं

कापडाच्या नावापेक्षा शिवणकाम आधी बघा. जॅकेट उलटं करून सगळ्या शिवणींवर टेप आहे का पाहा. ‘क्रिटिकली टेप्ड’ म्हणजे फक्त खांदे आणि हुडला टेप, बाकी शिवणी उघड्या. दिवसभराच्या पावसाला ‘फुल्ली टेप्ड’ हवं. जिथे तीन-चार शिवणी एकत्र येतात तिथे, म्हणजे काखेत आणि हुडच्या मागे, टेपला सुरकुती पडलेली नसावी. गळती सुरू होते ती तिथूनच.

काखेत चेन असलेलं जॅकेट घ्या, दोन्ही बाजूंनी उघडणारी, तीसेक सेंटीमीटर लांब. चढावर या दोन चेन जितकी वाफ बाहेर काढतात तितकी कुठलाही पडदा काढत नाही. खिसे जाळीच्या अस्तराचे असतील तर तेही उघडून वारा घेता येतो. हुडला छज्जा हवा, मागे आवळण्याची दोरी हवी, आणि मान वळवली की हुडही वळला पाहिजे. हे दुकानातच डावीकडे-उजवीकडे बघून तपासा. हात वर केल्यावर घेर कमरेच्या वर जात असेल तर तो माप नाकारा.

कापडाला तोंड लावून फुंकर मारणं ही लोकप्रिय पण फसवी परीक्षा आहे. हवा आरपार गेली नाही म्हणून वाफ जात नाही असं नसतं. खरं बघायचं असेल तर एका मगमध्ये कढत पाणी घ्या, तोंडावर कापड ताणून धरा आणि त्यावर फ्रिजमधला कोरडा काचेचा पेला उपडा टेकवा. मिनिटाभरात काच आतून धूसर झाली तर वाफ येते आहे. पीव्हीसीच्या रेनकोटवर हेच करून बघितलं की काच स्वच्छ राहते.

दुचाकीसाठी हे जॅकेट घेत असाल तर थांबा. गाडीवर मांडीच्या बेचक्यात पाण्याचं तळं साचतं, वर बसलेलं वजन ते शिवणीत दाबतं आणि सीटवर घासून लेप महिन्यात झिजतो. गाडीवर अंग राबत नाही, घाम कमी. तिथे जाड पीव्हीसीचा सूटच बरा आणि स्वस्तही.

धुणं: ज्याला लोक घाबरतात

‘धुतलं तर वॉटरप्रूफ जातं’ ही समजूत जॅकेटांचा जीव घेते. उलट न धुतल्यानं जातं. चिखलाची माती, घामातलं मीठ, मानेवरचं तेल, सनस्क्रीन हे सगळं पाणी धरतं आणि लेपावर साचतं. चिखल-घामाचे तीन-चार ट्रेक झाले की धुवावं. नव्या जॅकेटांना हे अधिकच लागू आहे. जुने लेप फ्लोरीनच्या रसायनांचे होते, ते पाणी आणि तेल दोन्ही झटकायचे. ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत म्हणून कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२५ पासून आणि फ्रान्सनं १ जानेवारी २०२६ पासून कपड्यांत त्यांवर निर्बंध आणले, आणि मोठ्या कंपन्या त्यांच्यापासून दूर गेल्या. नवे लेप पाणी झटकतात, तेल नाही. कॉलर तेलकट झाली की तिथला लेप संपलाच.

आधी खिसे रिकामे करा, सगळ्या चेन आणि वेल्क्रो लावा, दोऱ्या सैल सोडा. टबात कोमट पाणी घ्या, ३० ते ४० अंश, हात सहज बुडवता येईल इतकं. त्यात अशा कपड्यांसाठीचं द्रव क्लीनर, निकवॅक्स किंवा ग्रेंजर्ससारखं, बाटलीवरच्या मापानं घाला. ते नसेल तर रंग आणि सुवास नसलेला सौम्य द्रव साबण, एका जॅकेटला दोन चमचे पुरे. पावडर नको: तिचे कण विणीत अडकतात, आणि साबणाचा अंश म्हणजे पाण्याला आमंत्रण. फॅब्रिक सॉफ्टनर, ब्लीच आणि ड्रायक्लीन यांना साफ नकार.

कॉलर, बाह्यांची टोकं आणि सॅकचे पट्टे टेकतात ती जागा मऊ स्पंजनं चोळा. दहा मिनिटं बुडवून ठेवा, हलकेच दाबत राहा, ब्रशनं घासू नका. मग फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा. दोनदा हवंच, बोअरवेलच्या जड पाण्यात तीनदा. पिळायचं नाही.

मशीन वापरायचं असेल तर आधी साबणाचा कप्पा धुऊन घ्या, त्यात जुना सॉफ्टनर चिकटलेला असतो. जलद फिरकी बंद ठेवा. वॉटरप्रूफ कापड फुग्यासारखं पाणी धरतं, फिरताना ते एका बाजूला झुकतं आणि मशीन आदळायला लागतं. म्हणून टबच बरा.

रुंद हँगरवर, सावलीत, वारा असेल तिथे वाळवा. वाळल्यावर लगेच कपाटात टाकू नका, खरी पायरी पुढे आहे. लेपाचे रेणू वापरानं आणि धुण्यानं आडवे पडलेले असतात, उष्णतेनं ते पुन्हा उभे राहतात. परदेशात लोक ड्रायरमध्ये वीस मिनिटं फिरवतात. आपल्याकडे इस्त्री. आधी आतलं लेबल बघा, इस्त्रीच्या चिन्हावर फुली असेल तर इस्त्री नाही. फुली नसेल तर इस्त्री सगळ्यात कमी, सिंथेटिकच्या खुणेवर, वाफ बंद. जॅकेटवर जुन्या धोतराचा किंवा पातळ सुती पंचाचा एकपदरी तुकडा पसरा आणि त्यावरून इस्त्री सरकवत न्या, एका जागी पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. बोटानं चाचपत जा: कापड गरम लागलं पाहिजे, बोट उचलावंसं वाटण्याइतकं नाही. छापील बोधचिन्हं, चमकणाऱ्या पट्ट्या आणि चेन टाळा. एक बाही झाली की थांबून तिच्यावर ओंजळभर पाणी सोडा. गोल थेंब होऊन ते टपाटपा घरंगळले, आणि दुसऱ्या बाहीवर पसरले, तर युक्ती लागू पडली. मग बाकीचं करा. इस्त्रीला फुली असेल तर हेअर ड्रायर, एक वीत अंतरावरून.

लेप पुन्हा चढवणं

इस्त्रीनंतरही पाणी पसरतंय तर लेप झिजलेला आहे. नवा दोन प्रकारे चढतो: टबातल्या पाण्यात मिसळून, किंवा स्प्रेनं. थ्री लेयरला कुठलाही चालतो. सुटं अस्तर असलेल्या टू लेयरला मात्र स्प्रेच. पाण्यातला लेप अस्तरालाही लागतो, मग अस्तर घाम शोषायचं सोडून झटकायला लागतं आणि अंगाला चिकचिक होते.

जॅकेट धुऊन, निथळून, अजून ओलसर असतानाच हँगरला लावा. पंधरा सेंटीमीटरवरून स्प्रे मारा: खांदे, बाह्यांचा वरचा भाग, हुड आणि छाती यांवर दोन वेळा, बाकीकडे एकदा. एका जॅकेटला ५० ते १०० मिली जातात, बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते ऐकावं. दोन मिनिटांनी ओल्या फडक्यानं जास्तीचं पुसा, नाहीतर पांढरे ओघळ वाळून बसतात. मळक्या जॅकेटवर स्प्रे मारणं म्हणजे धुळीवर रंग देणं. वाळल्यावर उष्णता वरच्यासारखीच. हे काम खिडकी उघडी ठेवून करा.

मेणबत्ती घासणं किंवा घरात सापडेल तो सिलिकॉनचा स्प्रे मारणं, असे उपाय फिरत असतात. मेण जाड कॅनव्हासला शोभतं, इथे नको. त्यानं पाऊस थांबेल, श्वासही थांबेल.

भोक, शिवण आणि सोललेला लेप

काट्यानं पडलेलं भोक शिंप्याकडे देऊ नका. सुईचा प्रत्येक टाका म्हणजे नवं भोक. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटनं जागा पुसा, पूर्ण वाळू द्या. चिकटणाऱ्या दुरुस्ती-टेपचा तुकडा कापा, भोकाच्या सर्व बाजूंना दीड सेंटीमीटर जास्त आणि कोपरे गोल, कारण टोकदार कोपरा सॅकच्या घर्षणानं उचलला जातो. सपाट टेबलावर ठेवून अंगठ्यानं मध्यापासून कडेकडे दाबा, वर जाड पुस्तक ठेवून चोवीस तास सोडा. मोठा चीर गेला असेल आणि शिवणं अटळ असेल तर शिवल्यावर आतून सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारा गोंद, लावा.

शिवणीवरची टेप सुटत असेल तर अजून आशा आहे. जागा स्पिरिटनं पुसून टेप परत बसवा, वर बेकिंग पेपर ठेवून कमी उष्णतेची इस्त्री दहा सेकंद दाबा आणि लगेच वर सपाट वजन ठेवून गार होऊ द्या. गरम असताना उचललीत तर टेप पुन्हा निघते. गोंदच मेला असेल तर टेप सोलून काढा, शिवणीवर पीयूचा सीम सीलर बारीक ब्रशनं दोन्ही बाजूंना सहा-सात मिलिमीटर पसरेल असा पातळ लावा आणि रात्रभर सुकवा. फेविक्विक वापरू नये. ते काचेसारखं कडक होतं, घडी पडली की तडकतं आणि कड कापडालाच कापते.

आतून पांढरी पापुद्री झडतेय, किंवा कापड चिकट होऊन आंबूस वास येतोय, तर पीयू आर्द्रतेनं आणि उष्णतेनं कुजलेला आहे. याला इलाज नाही, स्प्रेनं तर नाहीच. कोकणात आणि मुंबईत हे लवकर होतं, विशेषतः ऑक्टोबरात अर्धवट ओलं जॅकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून जूनमध्ये बाहेर काढलं की. पूर्ण वाळवून, घडी न घालता हँगरवर, उघड्या कपाटात ठेवा. कुजलेलं झालं तर खरवडून हिवाळ्यात वाऱ्यासाठी वापरा.

बूट

बुटात पडदा म्हणजे आत शिवलेला एक वॉटरप्रूफ मोजा. तो तेवढ्याच उंचीपर्यंत पाणी अडवतो, जितका बुटाचा गळा आहे. पाणी वरून शिरलं की तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही आणि दिवसभर पायाखाली डबकं घेऊन चालावं लागतं. सह्याद्रीच्या पावसाळ्यात ओढे, भाताची खाचरं आणि गुडघाभर गवत यांतून पाणी वरून येणारच. तिथे जाळीचे, चटकन निथळणारे आणि ओल्या कातळावर पकड धरणारे बूट घ्या. बर्फ, गार चिखल आणि दवभरल्या कुरणांसाठी मात्र पडद्याचे घोट्यापर्यंतचे बूट, वर गेटर म्हणजे बुटावरून पोटरीला बांधायचं आवरण. हंप्ता पाससारख्या वाटेवर ओढा ओलांडायला वेगळी सँडल घ्या आणि बूट गळ्यात टांगा.

शंका असेल तर बुटात वर्तमानपत्राचे गोळे भरा आणि टबात पाच-सहा सेंटीमीटर पाण्यात तासभर ठेवा. कागद कुठे ओला झाला ते बघा. बोटांच्या वळणाशी असेल तर पडदा घडीवर फाटलाय, आणि त्यावर घरगुती उपाय नाही. बरेचदा तो आतून फाटतो: न कापलेली नखं आणि तळव्याखाली राहिलेला खडा. रोज मुक्कामावर इनसोल काढून बूट झटकावा.

भिजलेले बूट चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ ठेवू नका, तळाचा गोंद सुटतो. इनसोल बाहेर काढा, कोरडा कागद भरा, दोन-दोन तासांनी बदला. पडद्याचा बूट पूर्ण वाळायला दीड-दोन दिवस लागतात. चामड्याच्या बुटाला पाण्यात कालवलेलं (वॉटर-बेस्ड) क्रीम पातळ लावावं. जुन्या पद्धतीनं तेलात भिजवलेलं चामडं नरम पडतं आणि वाफेची वाट बुजते.

आणि तीन-चार वर्षं माळ्यावर पडलेले बूट थेट मोठ्या ट्रेकला नेऊ नका. कापडाच्या लेपासारखाच तळव्यातला पीयूचा थरही दमट हवेत कुजतो, वापरला नाही तरी. निघायच्या आठवडाभर आधी तळाच्या मधल्या थरावर अंगठ्याचं नख जोरात रोवून बघा. खूण उठून परत भरून आली तर ठीक. चुरा निघाला, किंवा बोट लावताच बारीक भेगा उमटल्या, तर तो तळ पहिल्या दगडी उतरावरच निघून हातात येईल.